पिप्पो, पंडित आणि आमचा दादा

गुवाहाटीत भारत दक्षिण आफ्रिकेकडून 408 धावांनी हरला, तेव्हापासून नागपूरच्या चुलतभावाचं एकच पालुपद: ‘गंभीरले हाकला. मोठा खेळाडू चांगला कोच होतच नसते.’

दादा, जरा इटलीत, माझ्या पिसात ये. सकाळी बारमध्ये उभ्याउभ्या कॉफी घेताना गझेत्ता हा गुलाबी क्रीडा-पेपर उघडला की कळतं, कोच हाकलणं ही इथली नित्यपूजा आहे. पण हाकललेला माणूस पुढे काय करतो, ते बघ.

फुटबॉलचा फिलिप्पो इन्झागी, म्हणजे पिप्पो. ना ड्रिबल, ना ताकद. सदा ऑफसाइडच्या रेषेवर टपलेला. पण 2007 साली अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलविरुद्ध मिलानचे दोन्ही गोल त्याचेच. हा माणूस 2014 मध्ये मिलानचा कोच झाला आणि संघ दहावा आला. गेली नोकरी.  वर्षभराने तो तिसऱ्या श्रेणीतल्या व्हेनेझियाला गेला आणि पहिल्याच वर्षी संघ वर आणला. बोलोन्याने हाकललं. बेनेव्हेंतोला 86 गुणांनी सेरी बी, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकून दिली, पुढच्याच वर्षी तो संघ पुन्हा खाली आला. ब्रेशा, रेज्जिना, सालेर्निताना. मग आमच्याकडे, पिसाला.

2025 च्या मे महिन्यात पिसा 34 वर्षांनी सेरी आमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, पोचलं. त्या रात्री मी गळ्यात निळा-काळा मफलर घालून अर्नोच्या काठाने हॉर्न वाजवत फिरलो, वय वर्षं 46.

तर माझा मुद्दा असा की इथे मोठा खेळाडूही खालच्या मैदानावर जाऊन काम शिकतो. आपल्याकडे थेट भारताचा संघ हातात.

असं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. दादाचं उत्तर: ‘मग तुया पिप्पोले आधी थेट मिलान कोणी देल्लं होतं बे?’ आणि खाली: ‘चंदू पंडित मुंबईचा माणूस. इथं कोच म्हणून आला, आपल्या विदर्भाले लागोपाठ दोन रणजी देऊन गेला. तू होता का तेव्हा?’

नव्हतो. 2018 चा तो पहिला रणजी विजय मी कोव्हर्चानोला जाणाऱ्या बसमध्ये, फोनवर धावफलक रिफ्रेश करत पाहिला. कोव्हर्चानो म्हणजे जिथे इटलीत फुटबॉल कोचला परवाना मिळतो तो फ्लॉरेन्सचा भाग. मी तिथे परवान्यासाठी नाही, प्रिंटर दुरुस्त करायला चाललो होतो.

आणि अमोल मुजुमदार? एकदाही भारताकडून खेळला नाही, आणि त्याच्या हाताखाली आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला सोयीचं नव्हतं, म्हणून मी वगळलं होतं. दादाने ते काढलं नाही, त्याचे उपकार.

खरं दुखणं निराळंच आहे. पिसाला वर चढवून पिप्पो त्याच उन्हाळ्यात पालेर्मोला निघून गेला, परत सेरी बीत. बारवाला अजून चिडलेला आहे: दिलं आणि गेला, असे बाहेरचे आपले नसतातच. मी जोरजोरात मान डोलावली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळला, आणि कॉफीचे पैसे घेतले नाहीत.