झाकणावर कोरलंय म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही

जुन्या रोलेक्सबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो: ‘मागचं झाकण कोरं हवं, काचेवर सहाच्या खाली बारीक मुकुट हवा, नंबर जुळायला हवा. एक जरी चुकलं तरी माल नकली.’ यावर विसंबून माणसं वडिलार्जित घड्याळ पडेल त्या भावात देऊन टाकतात, म्हणून हे लिहितो आहे.

झाकणाचं आधी. रोलेक्सची बहुतेक झाकणं बाहेरून कोरी असतात, एवढं खरं. पण खोल समुद्रात उतरणाऱ्या डायव्हरांसाठी काढलेल्या सी-ड्वेलर या मॉडेलच्या झाकणावर वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचा उल्लेख कंपनीनेच कोरलेला असतो. मार्सेच्या कोमेक्स या डायव्हिंग कंपनीसाठी बनलेल्या घड्याळांवर तिचं नाव आणि क्रमांक असतो. सत्तरच्या दशकात ब्रिटिश नौदलाला दिलेल्या सबमरिनर या मॉडेलवर बाणाची सरकारी खूण आणि ०५५२ने सुरू होणारा क्रमांक सापडतो. मालकांनी कोरून घेतलेला मजकूर तर वेगळाच. हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनच्या डेटोना या रोलेक्सवर त्याच्या पत्नीने ‘ड्राइव्ह केअरफुली, मी’ असं कोरून घेतलं होतं. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते घड्याळ सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. कोरीव अक्षरांनी त्याची किंमत वाढवलीच.

याची उलट बाजूही सांगायलाच हवी. लष्करी घड्याळांना मोठा भाव येतो, म्हणून साध्या सबमरिनरवर बाण कोरणारेही असतात. झाकण झिजून गुळगुळीत झालंय, पण अक्षरांच्या कडा नव्यासारख्या धारदार आहेत, असं दिसलं की मी थांबतो.

मुकुटाचा, म्हणजे रोलेक्सच्या चिन्हाचा, मुद्दा सरळ चुकीचा आहे. काचेवर तो लेझरने उमटवणं या शतकाच्या सुरुवातीला आलं. १९६० किंवा ७०च्या घड्याळाच्या अॅक्रिलिक काचेवर तो नसणारच. नव्वदच्या दशकातल्या घड्याळावर दिसला, तर दुरुस्तीत काच बदललेली असू शकते.

आता नंबर. पट्टा काढला की तो जिथे जोडलेला असतो त्या कानांच्या मध्ये बाराच्या बाजूला मॉडेल आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक दिसतो. पण दोन्ही आकडे नकली केसवरही, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावरही, कोरता येतात. शिवाय पन्नासच्या दशकात सहा अंक संपल्यावर मोजणी पुन्हा खालून सुरू झाली, त्यामुळे नुसत्या नंबरावरून काढलेलं साल कित्येक वर्षांनी चुकू शकतं. त्या काळच्या बऱ्याच झाकणांच्या आतल्या बाजूला रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे साल असतं; ‘IV.६८’ या धर्तीवर. झाकण उघडायला चांगला घड्याळजी गाठा आणि हे साल अनुक्रमांकाशी ताडून पाहा.

सोन्याच्या केससाठी स्विस सरकारी ठसा याहून बोलका असतो. १८ कॅरेटवर पूर्वी हेल्व्हेशियाचं, म्हणजे एका स्त्रीचं, मस्तक असे. १९९५पासून तिथे सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. ‘१९६५चं घड्याळ’ म्हणून कुणी कुत्र्याचा ठसा दाखवला, तर ती केस तरी १९६५ची नाही.