"दिसलं का?"

आत्ताच आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाहून आले आणि हातपाय न धुता लिहायला बसलेय. उद्यावर ढकललं तर राग निवेल आणि मग मी काहीतरी समंजस लिहीन. ते नकोय.

भाच्याला घेऊन गेले होते. वय वर्षं आठ. तासभर रांगेत उभा राहिला, एकदाही कुरकुरला नाही. नंबर आला तेव्हा टाचा उंचावून, दुर्बिणीच्या नळीला लटकल्यासारखं धरून त्याने डोळा लावला. मागून लगेच "चला, चला, पुढे चला". दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "दिसला का गुरू?" हा म्हणाला, "हो, दिसला." आणि बाजूला झाला.

त्याला काहीएक दिसलं नव्हतं. मला कसं कळलं? अहो, तो 'हो' माझा आहे. मी तो १९८६ साली म्हटलाय.

हॅलेचा धूमकेतू आला होता तेव्हाची गोष्ट. मी नऊ वर्षांची. बाबांनी पहाटे चारला उठवलं, स्वेटर चढवला, मैदानावर नेलं. ही भली मोठी रांग. माझी पाळी आली, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावला, आत मिट्ट काळोख. मागचे काका खाकरले. "दिसला का?" "दिसला." घरी आल्यावर आजीने विचारलं, कसा होता गं? तिने १९१० चा पाहिला होता, सहा वर्षांची असताना. मी पेपरातलं चित्र आठवून लांब पांढरी शेपटी वर्णन केली. ती म्हणाली, "आमच्या वेळी याहून मोठा होता." म्हणजे माझ्या थापेपेक्षाही मोठा!

तर आजच्या आयोजकांना माझं एवढंच विचारणं आहे की तुम्ही "दिसलं का" असं विचारताच कशाला? त्याला 'हो'शिवाय दुसरं उत्तर आठ वर्षांच्या पोराकडे असतं का? मागे ऐंशी माणसं ताटकळत असताना? "काय दिसलं" असं विचारा. "गुरूच्या बाजूचे ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, किती दिसले, डावीकडे किती, उजवीकडे किती" असं विचारा. दोन सेकंदांत कळतं की गुरू आयपीसमध्ये आहे की केव्हाच निघून गेलाय.

आणि तो निघून जातोच. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. मोठं दिसावं म्हणून दीडशेपटीचा आयपीस लावलात की अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. बिनमोटारीच्या दुर्बिणीतून गुरू मिनिट-सव्वा मिनिटात बाहेर. त्यात पोरं नळीला लोंबकळणार. त्यात नवख्या माणसाला डोळा नेमका कुठे धरायचा हेच कळत नाही, जरा इकडेतिकडे झालं की नुसतं काळं. यात त्या पोराची चूक काय?

गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० ला गुरूजवळ तीनच ठिपके दिसले होते. चौथा दिसायला १३ तारीख उजाडली. गॅलिलिओला सहा दिवस, आणि आमच्या पोराला सहा सेकंद!

वेळ नव्हता म्हणे. कसा असेल? आधी पाऊण तास प्रास्ताविक, मान्यवरांची ओळख, मग व्याख्यान. व्याख्यान चांगलं होतं, उगाच नाव ठेवणार नाही. पण पडद्यावर गुलाबी-जांभळ्या दीर्घिका दाखवून लोकांना बाहेर आणलंत आणि दुर्बिणीत 'देवयानी' दीर्घिका म्हणजे राखाडी पुसट डाग. अंधारात डोळ्यांना रंग कळत नाही, हे आधी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? तो पुसट डाग पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे, हे सांगितलंत तर माणूस हलणार नाही तिथून. आणि मैदानावरचा तो झगझगीत दिवा! डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हे व्याख्यात्यांनीच सांगितलं. दिव्याखाली उभं राहून.

गर्दी फार होती, मान्य. पोरंपोरी फुकट राबतात, तेही मान्य. बास.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून पुढचंही सांगते. रांग संपल्यावर आम्ही रेंगाळलो. तीच मुलगी आवराआवर करत होती, आवाज पार बसलेला. मी म्हटलं, अगं, याला एकदा परत दाखवशील का? तिने काही न बोलता टोपण काढलं, गुरू पुन्हा धरला, एक खोकं पालथं घालून त्याला वर उभं केलं. म्हणाली, "नळीला हात नको. घाई नाही. दिसेपर्यंत बघ."

बराच वेळ काही नाही. मग, "एक गोल आहे." मग, "त्याच्यावर रेघा आहेत." मग, "मावशी, बाजूला तीन आहेत... थांब, थांब, चार. एक अगदी चिकटलाय."

ती मुलगी हसली. तिच्यावर चिडले होते मी, तासाभरापूर्वी.

परत येताना मी त्याला हॅलेची गोष्ट सांगितली. बाबा गेले, आजी गेली, आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तो म्हणाला, "मग आता परत कधी येणार तो?" २०६१. मी चौऱ्याऐंशीची असेन. "मग मी तुला नेईन," म्हणाला, "आणि मागच्यांना ओरडेन."

माळ्यावर दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल आहे. पुढच्या कार्यक्रमाला ते घेऊन जाणार आहे. दुर्बिणीपाशी ठेवू देतील, नाही देतील, बघू.