पर्सेपोलिस अरबांनी जाळलं नाही

भाचीने परवा इतिहासाचा प्रकल्प दाखवायला आणला. सातवीतली पोर, टपोरं अक्षर, आणि मजकूर कुठला? आमच्याच घरच्या ग्रुपवर महिनाभर फिरणारा ‘पर्शियन राजवाड्याचं दडपलेलं सत्य’ हा मेसेज, जसाच्या तसा! म्हणून लिहायला बसले.

मेसेज म्हणतो, पर्सेपोलिस, म्हणजे इराणातली प्राचीन पर्शियन राजधानी, ही परशुरामाने वसवलेली ‘परशुपुरी’, आणि तिथला राजवाडा पर्शियन साम्राज्याचा संस्थापक सायरस याने बांधला. पण पर्सेपोलिस हे ग्रीकांनी दिलेलं नाव, पर्शियन लोक त्याला ‘पार्सा’ म्हणत. तिथल्या भव्य दरवाजावर पर्शियन सम्राट झर्कसीझने कोरून ठेवलंय की या ‘पार्सा’त मी बांधलं आणि माझ्या वडिलांनी बांधलं. वडील म्हणजे दारियस. काम इ.स.पू. ५१८च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा सायरस जाऊन बारा वर्षं झाली होती. एका शिलालेखात दोन्ही थापा निकालात निघतात.

खरा संताप येतो तो पुढच्या वाक्याचा: ‘अरबांनी राजवाडा जाळला.’ अहो, जाळला अलेक्झांडरने, इ.स.पू. ३३० मध्ये. अरब फौजा इराणात शिरल्या त्याच्या साडेनऊशेहून अधिक वर्षांनी! दारूच्या नशेत जाळला की पर्शियनांनी आधी अथेन्स जाळलं होतं त्याचा सूड म्हणून, यावर जुने लेखक भांडतात. कोणी जाळला यावर नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क तर लुटीचा हिशेबही देतो: ती वाहून न्यायला खेचरांच्या दहा हजार जोड्या आणि पाच हजार उंट लागले. उत्खननात राखेचे थर सापडले ते त्याच आगीचे. शेजारचं इस्तख्र शहर सातव्या शतकात अरबांनी लढून घेतलं, तिथे मोठी कत्तल झाली, हे मान्य. पण ते शहर वेगळं. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारून शाळकरी मुलांच्या डोक्यात द्वेष कशाला भरता?

‘सर्व कामगारांना समान पगार आणि बाळंतपणाची रजा’ यात थोडं तथ्य आहे. १९३३-३४ मध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर कामगारांच्या शिध्याच्या नोंदी आहेत, बाळंतिणीला जादा शिधा मिळे. पण मुलगा झाला तर मुलगी झालेल्या आईच्या दुप्पट! समान कसलं?

भारताशी नातंच दाखवायचं तर अपादानाच्या, म्हणजे तिथल्या दरबाराच्या दालनाच्या, पूर्वेकडच्या जिन्यावर बघा. नजराणा घेऊन निघालेले हिंदूश प्रांतातले, म्हणजे सिंधू खोऱ्यातले, लोक कोरलेत. उघड्या अंगाचा माणूस, खांद्यावर कावड, टोपल्यांत बहुधा सोन्याच्या भुकटीच्या पिशव्या, मागे गाढव. तो फोटो मी भाचीला दिलाय. तिने जुनी पानं काढून टाकली आणि कावडीचं चित्र काढायला घेतलंय.