सालटी

लेक परदेशी शिकायला जाण्यासाठी जीआरईची परीक्षा देतेय आणि घाम मला फुटतोय. माझं काम म्हणाल तर हलकं: तिने केलेली शब्दांची कार्डं हातात धरून एकेक विचारायचा. पण मला दहावीला इंग्रजीत बेचाळीस मार्क होते, तेही गुरुजींच्या कृपेने.

परवा एक गठ्ठा हाती आला. डायट्राइब, टायरेड, कॅस्टिगेट, लॅम्बेस्ट, व्हिट्युपरेट. प्रत्येकामागे तोच अर्थ, 'कडक टीका'. टायरेड मी 'टायर्ड' वाचला. फार चुकलं नाही, ऐकणारा दमतोच. परीक्षेत म्हणे सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडायचे. 

"एका माणसाला झापायला इतके शब्द कशाला?" मी वैतागलो. पण मग घरचाच हिशोब मांडला. कोर्ट ताशेरे ओढतं. साहेब फैलावर घेतो. आई खरडपट्टी काढायची. सासूबाई शालजोडीतले देतात, ते कळायलाच दोन दिवस जातात. बिनपाण्याने करायला तर कुणीही मोकळं. इंग्रजांना नावं ठेवायची सोय राहिली नाही.

पुढचं कार्ड फिलिपिक. मॅसिडोनचा राजा फिलिप याच्यावर वक्ता डेमॉस्थेनिस अथेन्समध्ये भाषणांतून तुटून पडला, म्हणून असल्या भाषणाला फिलिपचंच नाव. पुढे रोममध्ये सिसरो या वक्त्याने सत्तेतल्या मार्क अँटनीविरुद्ध अशी चौदा भाषणं केली आणि इ.स.पू. 43 मध्ये त्याचं मुंडकं आणि हात भर चौकातल्या व्यासपीठावर टांगले गेले. तोंडाचा पट्टा सोडण्याआधी समोर कोण आहे ते बघावं, एवढं आमच्या हेडक्लार्कलासुद्धा कळतं.

अडलं ते एक्स्कोरिएट. चार दिवस घोकला, जिभेवर बसेना. शेवटी लेकीने फोड केली: "बाबा, लॅटिनमध्ये कोरियम म्हणजे चामडं. एक्स म्हणजे बाहेर."

"म्हणजे सालटी काढणे!" मी ओरडलोच. "मग सरळ सांग ना!" रोममधलं आणि आमच्या आळीतलं डोकं एकाच सोलाण्याने चाललेलं बघून मला भलताच अभिमान वाटला. त्या दिवशी दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना तो शब्द ऐकवला.

त्यात उन्हाळा. हातांना घामोळं आलं आणि मी रात्रभर खाजवत बसलो. सकाळी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हात उलटसुलट पाहिले, केसपेपरवर काहीतरी खरडलं. डॉक्टरांचं अक्षर मला कधी लागत नाही, पण हा शब्द ओळखीचा निघाला: एक्स्कोरिएशन्स, दोन्ही हात. खाजवून उठलेल्या ओरखड्यांनाही हाच शब्द! विजयी मुद्रेने घरी आलो. बायकोने कागद हातात घेतला.

"हे काय लिहिलंय?"

"सालटी निघालीत."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या उतू गेलेल्या दुधाकडे. गॅसवर लक्ष ठेवायला सकाळी मलाच सांगितलं होतं.

"मी तर अजून तोंडही उघडलं नाही," ती म्हणाली.