मिक्सर निर्दोष आहे

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली लाईट ऐन पावसाळ्यात जायला लागली, आणि तीही नेमकी चटणी वाटताना. मिक्सरचं बटण फिरवलं की डीबीतून, म्हणजे घरभरच्या मेन स्विचांच्या पेटीतून, ‘खट’ आवाज यायचा आणि घर गार. पुण्यात लाईट गेली की माणूस आधी आज गुरुवार आहे का ते आठवतो, मग खिडकीतून समोरची बिल्डिंग बघतो. समोर टीव्ही चालू दिसला की जे काही वाटतं, त्याला शेजारधर्म म्हणता येत नाही.

समोरच्या फ्लॅटमधले काका दारात हजर झाले. काका निवृत्त आहेत. कशातून, ते त्यांच्या सल्ल्यांवरून ओळखता येत नाही.

“लोड जास्त होतोय,” काका म्हणाले.

लोड जास्त झाला तर पडायला एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचे आपोआप पडणारे स्विच, आहेत की! आमच्याकडे पडत होता तो ईएलसीबी, करंटची गळती पकडणारा स्विच. तो लोड मोजतच नाही. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच बघतो. ३० मिलिअँपिअर इकडेतिकडे झाले की सोसायटीच्या खजिनदारासारखा तिथल्या तिथे हात वर करतो. कारण हे गळालेले ३० मिलिअँपिअर कुणाच्या तरी अंगातून गेलेले असू शकतात. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तेच म्हणतोय मी. लोड.”

मग शास्त्रशुद्ध तपासणी झाली. सगळे एमसीबी खाली, ईएलसीबी वर, आणि मग एकेक एमसीबी चढवायचा. दिवे ठीक, पंखे ठीक, फ्रीजही गपगुमान. गिझर गॅसचा, त्यामुळे तो संशयातून सुटला. मिक्सर लावला, खट. मिक्सर काढून त्याच सॉकेटला इस्त्री लावली, खट. एवढं होऊनही सगळ्यांची नजर मिक्सरवरच. तो बायकोच्या माहेरून आलेला, त्यामुळे त्याच्यावर आरोप करणं हे वायरिंगपुरतं राहत नाही. “माझ्या आईने दिलेल्या वस्तूच बऱ्या खराब होतात तुमच्या घरात!” ही तिची ओळ ईएलसीबीपेक्षाही जलद ट्रिप झाली.

“तपकीर गल्लीतून नवीन ईएलसीबी आणा,” काकांचा दुसरा सल्ला. “नाहीतर सरळ बायपास करून टाका. आम्ही कधीच केलाय. आमच्याकडे काय बिशाद आहे पडायची!”

शेवटी वायरमन आला. सांगितल्या वेळेला आला, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्याने मिक्सरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरभर फिरून वापरात नसलेली प्रत्येक पिन सॉकेटमधून उपसून काढली. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनची पिन काढली आणि म्हणाला, “आता लावा मिक्सर.” चटणी झाली.

“पण मशीनचं बटण तर बंद होतं!” बायको म्हणाली.

“ताई, बटण फेज तोडतं. आणि तुमचे हे एमसीबीपण फेजच तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो.”

मशीन पुढे ओढल्यावर सगळा उलगडा झाला. मागच्या वायरवर उंदराने दात घासले होते. न्यूट्रलची तांब्याची तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती, आणि तिथे पावसाचं पाणी झिरपून हिरवट चढ आला होता. पत्रा अर्थिंगला जोडलेला. म्हणजे मिक्सर किंवा इस्त्रीचा भरपूर करंट परत यायला निघाला की त्यातला थोडासा मशीनच्या वाटेने जमिनीत सटकायचा. दिवे-पंख्यांचा करंटच कमी, त्यामुळे त्यांची गळती ईएलसीबीच्या हिशोबात खपून जायची.

काका हे सगळं दारातून बघत होते. बोलता बोलता त्यांच्या बायपासची गोष्ट वायरमनच्या कानावर गेली. त्याने टेस्टर खिशात टाकला आणि काकांची परवानगी न विचारता समोरच्या घरात शिरला. ईएलसीबी पुन्हा जोडला, टेस्टचं बटण दाबलं, तो पडला. उत्तम. वर केला, पुन्हा पडला. यावेळी बटण कुणीच दाबलं नव्हतं.

काका टॉर्च घेऊन जिन्यात आले. “तुमच्या बाल्कनीतलं पाणी आमच्या भिंतीत उतरलंय,” ते म्हणाले. मधे लिफ्ट आहे.