डोमेन दुसऱ्याच्या खात्यात ठेवू नका

‘स्वतः वेबसाइट करण्याच्या फंदात पडू नका’ असा सहा मुद्द्यांचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. परवा माझ्या मावसबहिणीने तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, मग पैसे भरून टाकू का?’ ती चित्रकलेचे वर्ग घेते. तिला हवीत जेमतेम चार पानं: ओळख, वेळापत्रक, मुलांच्या चित्रांचे फोटो आणि संपर्क. त्यासाठी हातात पडलेलं कोटेशन पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, म्हणून आधी तोच घेतो. ‘डोमेन डेव्हलपरच्याच खात्यात असू द्या, म्हणजे रिन्यूअलची कटकट तुमच्यामागे राहत नाही.’ डोमेन म्हणजे साइटचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता. रिन्यूअलची कटकट म्हणजे वर्षातून एकदा पैसे भरणं, आणि तेही ऑटो-रिन्यू लावलं की आपोआप होतं. त्या बदल्यात तुम्ही काय देऊन बसता ते बघा. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर नोंदवून मिळतं, डॉट कॉम असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. नोंद ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. साइट बिघडली तर आठवड्यात नवी उभी करता येते. नाव गेलं तर त्यावरचे ईमेल जातात, छापलेली कार्डं वाया जातात आणि लोकांना पाठ झालेला पत्ता परका होतो.

माझ्या एका मित्राचं हेच झालं. साइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे त्याने ते काम सोडलं आणि फोन उचलणंही बंद केलं. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये पडत राहिल्या. डॉट कॉम डोमेन रद्द झाल्यावरही ३० दिवस सोडवून घेता येतं, पण ते ज्याच्या खात्यात आहे त्यालाच. मित्राला कळलं तेव्हा त्याच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसत होती.

तुमचं डोमेन कोणाकडे आहे ते आजच तपासा. ‘हू-इज’वर, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, नाव शोधून भागत नाही, कारण २०१८ पासून मालकाचे तपशील बहुतेक वेळा झाकलेलेच असतात. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याचा ‘पासवर्ड विसरलात’चा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये येतो का, हे बघा. येत नसेल तर डोमेन तुमच्या खात्यात वळवून मागा. आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे ट्रान्सफरचा कोड मागितल्यापासून ५ दिवसांत रजिस्ट्रारने द्यावा लागतो, पण तो नोंदलेल्या मालकालाच. डेव्हलपरला काम करायला डीएनएसपुरता (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं त्या सेटिंगपुरता) प्रवेश दिला की पुरतं.

पाचवा मुद्दाही असाच पैसे खाणारा. ‘दर महिन्याला हजार सर्च इंजिनांत नोंदणी करावी लागते, आम्ही पहिल्या नंबरची हमी देतो.’ गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि नेहमीच्या निकालांत वर आणण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. मग हा माणूस हमी कशाच्या जोरावर देतो? नवी पानं गूगलला दुव्यांवरून आपोआप सापडतात. घाई असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्यायची, तीही फुकट. कोटेशनमध्ये ‘मेटा कीवर्ड’साठी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शब्दांसाठी, वेगळी रक्कम होती. ते कीवर्ड क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय! विकतचे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारे दुवे, तर गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतात आणि त्यांनी साइट खाली जाऊ शकते. त्यापेक्षा पालक जे शब्द टाइप करतील ते पानाच्या शीर्षकात साध्या भाषेत लिहा.

‘फुकटचं एसएसएल असुरक्षित असतं’ हे धादांत खोटं. एसएसएल म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातली माहिती गुप्त (एन्क्रिप्ट) ठेवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्थेची सेवा २०१५ पासून मोफत प्रमाणपत्रं देते, आणि विकतच्या प्रमाणपत्रानेही एन्क्रिप्शन तेच मिळतं. बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावतात आणि नवंही करतात. कोडिंग आलंच पाहिजे, हा मुद्दा वर्डप्रेस हे साइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं तेव्हापासून निकालात निघालाय.

महागडा सर्व्हर नसेल तर साइट रडत चालते म्हणे. बहिणीचं नमुना पान खरंच रडत होतं. उघडून पाहिलं तर फोनवरून काढलेले बारा फोटो जसेच्या तसे चढवलेले, एकेक ४-५ एमबीचा. रुंदी १६०० पिक्सेलवर आणली, फोटो २००-३०० केबीवर आले आणि त्याच साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पान झटकन उघडलं.

‘स्वतः केलेली साइट हॅक होते’ यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुने प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेट न करता सोडले तर खरंच घुसखोरी होते. पण व्यावसायिकाने करून दिलेली आणि मग कोणी न बघितलेली साइटही तशीच हॅक होते. अपडेट करा, बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवा. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील, मुलांची माहिती साठवायची असेल, तर जाणकार माणूस घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. तिथे काटकसर करू नका.

बहिणीने काल रात्री डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. ओळखीचं पान झालंय, वेळापत्रक आज चढतंय.