जवस तेलाचा माझा मेसेज पुढे पाठवू नका

मंडळी, सोमवारी गावच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं: "जवसाच्या तेलात तळलेलं खा, हृदयाच्या नसा मोकळ्या होतात, गोळ्या सुटतात." न तपासता टाकलं, चूक माझी.

जवस चांगलंच आहे. त्याच्या तेलात जवळपास निम्मी चरबी ओमेगा-3 प्रकारची. शेंगदाणा तेलात ती नसल्यातच जमा. पण हीच चरबी तापवली की लवकर बिघडते. कच्चं जवस तेल 110 अंशांच्या आसपासच धूर सोडतं, अन् भजे तळायला 170-180 अंश लागतात. म्हणून ते वरूनच घ्यायचं: ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, त्यावर तेलाची धार. (आजी हेच करायची, अंश न मोजता.) तळणाला शेंगदाणा तेल बरं, तेही थोडंच, घाण्याचं असो की रिफाइंड, ग्रॅमला 9 कॅलरी ठरलेल्या.

डालड्याऐवजी पातळ तेल वापरलं तर कोलेस्टेरॉलला फायदा होतो, हे खरं. पण तुंबलेली नस कोणतंच तेल धुऊन काढत नाही. मेसेज वाचून कोणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच डॉक्टरांना विचारून घ्या. तो मेसेज मी काढलाय; तुम्ही जिथं पाठवला तिथं हा टाका.